सात दिवस, चौदा गाणी : ‘रामोन्स’च्या पहिल्या अल्बमची कहाणी

अमेरिकेतील ‘सायर रेकॉर्ड्स’ या छोट्या कंपनीने २३ एप्रिल १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ या बँडचा पहिला अल्बम प्रकाशित केला. अल्बमचे नावही ‘रामोन्स’ असेच होते. त्यात १४ गाणी होती आणि ती सर्व मिळून २९ मिनिटे ४ सेकंदांत संपत होती. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत एखादा विलंबित ख्याल रंगायला याहून अधिक वेळ लागतो. ध्वनिमुद्रणाचा सारा खर्च ६ हजार ४०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे ५७ हजार रुपये, इतकाच होता. ही तबकडी फारशी खपली नाही, रेडिओ केंद्रांनी ती क्वचितच वाजवली. तरीही पंक रॉक या संगीतप्रकाराचा इतिहास लिहिताना बहुतेक अभ्यासक सुरुवात याच तबकडीपासून करतात.

‘पंक’ हा अमेरिकी बोलीतील शब्द टवाळ, कुचकामी, वाया गेलेला पोरगा अशा अर्थाने वापरला जाई. मराठीत ‘पंक’ म्हणजे चिखल. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण त्या काळच्या प्रतिष्ठित रॉक वर्तुळांची या संगीताकडे पाहण्याची दृष्टी मराठी अर्थाच्याच जवळची होती.

क्वीन्समधील चौघे

बँडचे चारही संस्थापक सदस्य न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील फॉरेस्ट हिल्स या मध्यमवर्गीय वस्तीत राहणारे होते. जॉन कमिंग्ज, जेफ्री हायमन, डग्लस कॉल्विन आणि थॉमस अर्डेली ही त्यांची खरी नावे. बँड स्थापन होताच प्रत्येकाने ‘रामोन’ हे आडनाव धारण केले आणि ते अनुक्रमे जॉनी, जोई, डी डी आणि टॉमी रामोन झाले. ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी उमेदवारीच्या काळात हॉटेलात उतरताना ‘पॉल रामोन’ हे टोपणनाव वापरत. ते डी डी यांना ठाऊक होते आणि त्यावरूनच हे आडनाव आले. चौघांत रक्ताचे नाते नव्हते, पण एकच आडनाव आणि काळे चामडी जाकीट, फाटकी जीन्स व कपाळावर आलेले केस असा एकसारखा वेश यांमुळे प्रेक्षकांना ते भाऊच वाटत.

जॉनी बांधकामावर मजुरीचे काम करीत आणि १९७४ च्या सुरुवातीस त्यांची नोकरी सुटली होती. त्याच सुमारास त्यांनी पन्नासेक डॉलरना ‘मोसराइट’ बनावटीची स्वस्त गिटार विकत घेतली. डी डी यांचे वडील अमेरिकी सैनिक, तर आई जर्मन. त्यांचे बालपण बरेचसे जर्मनीत, महायुद्धाच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या गावांत गेले होते. जोई साडेसहा फूट उंचीचे, अतिशय बुजरे आणि तरुणपणापासून मानसिक आजाराशी झुंजणारे होते. टॉमी यांचा जन्म १९४९ मध्ये बुडापेस्ट येथील ज्यू कुटुंबात झाला. नाझी वंशसंहारातून वाचलेले त्यांचे आईवडील पुढे अमेरिकेत येऊन स्थायिक झाले.

आरंभी डी डी गात असत, जोई ड्रम वाजवत आणि टॉमी व्यवस्थापकाचे काम पाहत. बेस गिटार वाजवताना गाणे डी डी यांना जमेना आणि जोई यांचा ड्रमचा वेग अपुरा पडू लागला, तेव्हा जोई यांना गायक करण्यात आले. नव्या ड्रमवादकासाठी चाचण्या घेतल्या, पण आलेला प्रत्येक जण आपले कसब दाखवायला जाई. हवी होती ती फक्त सरळ, न थांबणारी, वेगवान लय. अखेर टॉमी स्वतःच ड्रमवर बसले. त्याआधी त्यांनी हे वाद्य वाजवलेले नव्हते.

त्या काळच्या रॉक संगीताची दिशा लक्षात घेतली की या प्रसंगाचे महत्त्व उमगते. ‘यस’ या ब्रिटिश बँडने १९७३ मध्ये काढलेल्या दोन तबकड्यांच्या एका अल्बममध्ये अवघी चार गाणी होती, म्हणजे एका बाजूला एकच गाणे. लांबलचक एकल वादन, ड्रमवादकाची दहा-दहा मिनिटांची करामत आणि मोठी क्रीडागारे यांचे ते दिवस होते. चौघांना असे वाजवता येत नव्हते, हे खरे आहे. पण ते न येणे झाकण्याऐवजी त्यांनी त्यातूनच एक पद्धत तयार केली. जॉनी यांनी एकल वादन पूर्णपणे वर्ज्य केले. त्यांचा उजवा हात तारांवर केवळ वरून खाली पडे आणि मिनिटाला पावणेदोनशे मात्रांच्या आसपासच्या वेगात तो तसाच पडत राही. ऐकायला हे सोपे वाटते, पण कोणत्याही गिटारवादकाने अर्धा तास तसे वाजवून पाहिले की मनगट त्याला त्यातील अवघडपणा सांगते.

बोवरीवरचा बार

मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील बोवरी हा रस्ता तेव्हा बेघर आणि दारूड्या माणसांच्या वस्तीसाठी कुप्रसिद्ध होता. हिली क्रिस्टल यांनी डिसेंबर १९७३ मध्ये तेथे ‘सीबीजीबी’ नावाचा बार सुरू केला. कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या तीन संगीतप्रकारांच्या आद्याक्षरांवरून हे नाव दिले होते, पण या प्रकारांचे वादक काही तिथे फिरकले नाहीत. जे आले त्यांना कोणी दुसरीकडे उभे करीत नव्हते. ‘टेलिव्हिजन’, ‘पॅटी स्मिथ ग्रुप’, ‘ब्लाँडी’, ‘टॉकिंग हेड्स’ ही पुढे गाजलेली नावे याच अरुंद, अंधाऱ्या जागेतून वर आली. क्रिस्टल यांची अट एकच होती, गाणी स्वतःची असली पाहिजेत.

१६ ऑगस्ट १९७४ रोजी ‘रामोन्स’ तेथे पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. सुरुवातीचे कार्यक्रम गोंधळाचे असत. मध्येच गाणे थांबे, पुढचे गाणे कोणते यावरून रंगमंचावरच भांडण होई आणि मग पुन्हा सुरुवात होई. मात्र वर्षभरात या गोंधळातून एक काटेकोर सादरीकरण तयार झाले. डी डी ‘वन-टू-थ्री-फोर’ असे ओरडत आणि एक गाणे संपते न संपते तोच दुसरे सुरू होई. सुमारे वीस मिनिटांत सारा कार्यक्रम आटोपे.

या काळात न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. महापालिकेने हजारो कर्मचारी कमी केले होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी शहराला केंद्राची मदत नाकारण्याची भूमिका घेतली, तेव्हा ‘डेली न्यूज’ने ‘फोर्ड शहराला म्हणतात, मरा’ अशा आशयाचा मथळा छापला. घरभाडी स्वस्त, रिकाम्या इमारती भरपूर आणि नोकऱ्यांची वानवा, अशी तरुणांची स्थिती होती. बँडच्या गाण्यांत राजकीय घोषणा जवळजवळ नाहीत. कंटाळा, घरातला तणाव, भयपट, रस्त्यावरची हिंसा, नशा आणि अधूनमधून एखादे भाबडे प्रेम हे त्यांचे विषय आहेत. शहराची अवस्था त्यातून आपोआप उमटते.

करारापर्यंतची वाट

१९७५ मध्ये बँडने निर्माते मार्टी थाऊ यांच्या साहाय्याने दोन गाण्यांचे नमुना-ध्वनिमुद्रण केले. मोठ्या कंपन्यांनी ते ऐकून परत पाठवले. त्याच वर्षी कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी येथे ब्लूज गिटारवादक जॉनी विंटर यांच्या कार्यक्रमाआधी त्यांना संधी मिळाली, पण तेथील श्रोत्यांनी त्यांना हुर्यो करून पळवून लावले. बोवरीबाहेर आपले काय होणार याची चुणूक त्यांना त्या दिवशी मिळाली.

परिस्थिती बदलली ती डॅनी फील्ड्स यांच्यामुळे. ‘द स्टूजेस’ आणि ‘एमसी फाइव्ह’ या बँडना करार मिळवून देणारे फील्ड्स हे संगीतव्यवसायात वावरलेले गृहस्थ होते. बँडचे व्यवस्थापन स्वीकारण्यापूर्वी चौघांनी त्यांच्याकडे नव्या ड्रम संचासाठी पैसे मागितले आणि फील्ड्स यांनी आपल्या आईकडून तीन हजार डॉलर आणून ती मागणी पुरी केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

‘सायर’मध्ये नव्या कलाकारांचा शोध घेणारे तरुण निर्माते क्रेग लिऑन यांनी बँडला आधीच ऐकले होते आणि ते कंपनीच्या मागे लागले होते. कंपनीचे प्रमुख सेमूर स्टाइन यांच्या पत्नी लिंडा स्टाइन याही कार्यक्रम पाहून प्रभावित झाल्या होत्या. स्टाइन यांनी मग बँडला एका सराव-खोलीत बोलावून ऐकले. कंपनीची प्रारंभीची तयारी फक्त एका गाण्याची छोटी तबकडी काढण्याची होती. हातात काहीही नसताना चौघांनी ती नाकारली. काढायचा तर पूर्ण अल्बम, असे त्यांनी सांगितले. १९७६ च्या प्रारंभी अल्बमसाठी करार झाला.

सात दिवस

फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘प्लाझा साउंड’ या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. मॅनहॅटनमधील भव्य ‘रेडिओ सिटी म्युझिक हॉल’च्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर हा जुना स्टुडिओ होता. एके काळी वाद्यवृंदांसाठी बांधलेल्या या प्रशस्त दालनात फाटक्या जीन्समधील चार पोरे उतरली, हे दृश्य त्या इमारतीलाही नवे असावे. पहिले तीन दिवस वाद्यांना लागले आणि उरलेले चार दिवस गायनाला.

तुलनेसाठी एक उदाहरण पुरेसे आहे. भारतातही घरोघरी पोहोचलेला ‘ईगल्स’ बँडचा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हा अल्बम याच १९७६ साली मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ध्वनिमुद्रित होत होता. मोठ्या कंपन्या एका अल्बमवर लाखो डॉलर सहज खर्च करीत.

सात दिवस आणि सहा हजार डॉलर या आकड्यांमुळे एक समज रूढ झाला, तो असा की चौघे आले, वाजवले आणि निघून गेले. वस्तुस्थिती तशी नाही. टॉमी यांनी पूर्वी न्यूयॉर्कच्या ‘रेकॉर्ड प्लांट’ या नामांकित स्टुडिओत साहाय्यक ध्वनिमुद्रक म्हणून काम केले होते आणि जिमी हेंड्रिक्स यांचे ध्वनिमुद्रण जवळून पाहिले होते. काय हवे आणि काय नको हे त्यांना पक्के ठाऊक होते. अल्बमवर निर्माता म्हणून लिऑन यांचे, तर सहनिर्माता म्हणून टी. अर्डेली यांचे नाव आहे. गाणी दीड वर्ष रंगमंचावर घासूनपुसून तयार झालेली होती, त्यामुळे स्टुडिओत ती रचत बसावी लागली नाहीत.

वाद्यांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ते वेगवेगळे ठेवून टिपण्यात आले. नंतर मिश्रण करताना लिऑन आणि टॉमी यांनी ‘बीटल्स’च्या सुरुवातीच्या स्टिरिओ तबकड्यांची पद्धत उचलली. एका स्पीकरमधून गिटार, दुसऱ्यातून बेस आणि ड्रम व गायन मधोमध. तबकडी ऐकताना एका बाजूचा आवाज पूर्ण बंद केला, तर जॉनी किंवा डी डी यांपैकी एक जण जवळजवळ नाहीसा होतो. जगभरातील असंख्य पोरांनी नेमके हेच केले आणि उरलेल्या वाद्याबरोबर वाजवत गिटार शिकून घेतली. शिकवणीच्या हेतूने केलेली ही रचना नव्हती, पण परिणाम तसा झाला.

बारकाईने ऐकल्यास इतरही जोडकाम सापडते. ‘लेट्स डान्स’ हे क्रिस मॉन्टेझ यांचे १९६२ चे लोकप्रिय गाणे, अल्बममधील एकमेव उसने गीत. त्यात म्युझिक हॉलच्या इमारतीतील मोठ्या ऑर्गनचा वापर आहे आणि तो लिऑन यांनी वाजवला. ‘आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड’ या हळुवार गीतात ध्वनिमुद्रक रॉब फ्रीमन यांचा सहस्वर आहे. ‘चेन सॉ’च्या प्रारंभी यांत्रिक करवतीचा आवाज येतो. उरलेल्या तेरा गाण्यांचे श्रेय कोणा एकाला न देता ‘रामोन्स’ असे सामायिक देण्यात आले.

पहिले गाणे ‘ब्लिट्झक्रिग बॉप’ मुख्यतः टॉमी यांनी लिहिले होते. ‘बे सिटी रोलर्स’ या किशोरप्रिय स्कॉटिश बँडच्या एका गाण्यातील समूहघोष त्यांना आवडला होता आणि श्रोत्यांनी आपल्याबरोबर ओरडावे असा घोष आपल्यालाही हवा, असे त्यांना वाटले. त्यांनी गाण्याचे नाव वेगळे ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीच्या विद्युद्वेगी आक्रमणाचा उल्लेख करणारे शीर्षक सुचवले ते डी डी यांनी. अमेरिकेतील क्रीडा मैदानांवर सामना सुरू असताना हाच घोष आता सर्रास ऐकू येतो. तो कोणाचा हे घोष करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, हा प्रश्नच आहे.

आक्षेप

जर्मन युद्धप्रतिमांचा वापर हा या अल्बमचा वादग्रस्त भाग आहे. अखेरच्या गाण्यात एका नाझी सैनिकाच्या तोंडचे शब्द होते. ज्यू असलेले सेमूर स्टाइन यांनी त्याला आक्षेप घेतला आणि बँडने संबंधित ओळ बदलली. जोई आणि टॉमी हे दोघेही ज्यू होते आणि टॉमी यांच्या नातलगांपैकी अनेक जण त्या संहारात मारले गेले होते, ही पार्श्वभूमी पाहता या गाण्यांत नाझींविषयी सहानुभूती शोधणे चुकीचे ठरेल. युद्धपट आणि चित्रकथा पाहत-वाचत वाढलेल्या पोरांची ती टवाळी होती. तरीही टवाळी कुठे संपते आणि बेफिकिरी कुठे सुरू होते, हा प्रश्न उरतोच. पुढील काळात पंकच्या नावाखाली काही टोळक्यांनी स्वस्तिकचिन्ह गंभीरपणे मिरवले, तेव्हा तो अधिक टोकदार झाला.

दुसरा आक्षेप नशेसाठी सरस हुंगण्याविषयीच्या गाण्यावर आला. १९७६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये या व्यसनाने झालेल्या मृत्यूंची चर्चा सुरू असताना तेथील एका खासदाराने या तबकडीवर बंदी घालण्याची मागणी केली. बंदी आली नाही, मात्र ज्यांनी बँडचे नाव ऐकले नव्हते त्यांना ते कळले.

सव्वाशे डॉलरचे छायाचित्र

मुखपृष्ठासाठी ‘सायर’ने सुमारे दोन हजार डॉलर खर्चून व्यावसायिक छायाचित्रे काढून घेतली, पण ती कोणालाच पसंत पडली नाहीत. त्याच सुमारास ‘पंक’ नावाच्या नव्या नियतकालिकासाठी रॉबर्टा बेली यांनी चौघांची कृष्णधवल छायाचित्रे काढली होती. बोवरीजवळच्या एका मोकळ्या जागेतील विटांची भिंत आणि तिला टेकून निर्विकार उभे राहिलेले चार तरुण. कंपनीने त्यांतील एक छायाचित्र १२५ डॉलरना घेतले. रॉक संगीताच्या इतिहासात इतके अनुकरण झालेले मुखपृष्ठ विरळाच. भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या बँडची छायाचित्रे आज रायपूरपासून रिओपर्यंत कुठेही निघतात, त्यांचे मूळ बहुधा येथे आहे.

‘पंक’ हे नियतकालिक जॉन होल्मस्ट्रॉम आणि त्यांच्या मित्रांनी जानेवारी १९७६ मध्ये सुरू केले. मजकूर हाताने लिहिलेला, मध्येमध्ये व्यंगचित्रे, वितरण स्वतःच. मराठी वाचकाला येथे साठच्या दशकातील मुंबईच्या लघुअनियतकालिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘असो’ किंवा ‘फक्त’ काढणाऱ्यांचे विषय आणि वाङ्मयीन उंची वेगळी होती, पण प्रस्थापितांच्या छापखान्याची वाट न पाहण्याची वृत्ती जवळची होती.

मागील बाजूस गरुडाचे चित्र असलेल्या पट्ट्याच्या बक्कलचे छायाचित्र आहे. ते बँडचे सहकारी, मेक्सिकोत जन्मलेले चित्रकार आर्टुरो वेगा यांचे. अमेरिकी अध्यक्षांच्या राजमुद्रेवर बेतलेले बँडचे बोधचिन्हही पुढे त्यांनीच तयार केले. हे चिन्ह छापलेला टी-शर्ट मुंबई-पुण्याच्या पदपथांवरही विकला जातो आणि तो घालणाऱ्यांपैकी अनेकांनी बँडचे एकही गाणे ऐकलेले नसते.

बाजार आणि लंडन

वृत्तपत्रीय समीक्षकांनी अल्बमचे स्वागत केले, ग्राहकांनी मात्र केले नाही. ‘बिलबोर्ड’च्या यादीत तो १११व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. अल्बममधून काढलेल्या दोन्ही छोट्या तबकड्या कोणत्याही यादीत आल्या नाहीत. पहिल्या वर्षातील विक्री सहा हजार प्रतींच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. रेडिओ केंद्रांना या संगीतात मधुर असे काही आढळले नाही. वास्तविक यातील बहुतेक चाली साठच्या दशकातील मुलींच्या गायनवृंदांच्या आणि समुद्रकिनारी गाण्यांच्या जातकुळीतल्या आहेत. गोंगाटाखाली त्या दडलेल्या आहेत इतकेच.

४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, बँडने लंडनच्या ‘राउंडहाउस’ सभागृहात कार्यक्रम केला. मायदेशी कुठेही मिळाला नसता इतका मोठा श्रोतृवर्ग तेथे जमला होता. दुसऱ्या रात्री ‘डिंगवॉल्स’ क्लबमध्ये पुन्हा कार्यक्रम झाला. लंडनमध्ये तेव्हा नुकतीच जुळणी होत असलेल्या ‘सेक्स पिस्टल्स’, ‘द क्लॅश’ आणि ‘द डॅम्ड’ या बँडमधील मुले या काळात चौघांना भेटली. आपल्याला अजून नीट वाजवता येत नाही, अशी चिंता ‘क्लॅश’च्या सदस्यांनी बोलून दाखवली, तेव्हा येईपर्यंत वाट पाहू नका, असा सल्ला जॉनी यांनी दिल्याची हकीकत सांगितली जाते.

पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, या तिन्ही बँडचे पहिले अल्बम आले. फेब्रुवारीत ‘डॅम्ड’चा, एप्रिलमध्ये ‘क्लॅश’चा आणि ऑक्टोबरमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’चा. ब्रिटनमध्ये पंक हा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानाचा विषय झाला. राणीवरील गीतामुळे ‘पिस्टल्स’वर बीबीसीने बंदी घातली, त्यांचा अल्बम मात्र विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ज्यांच्यापासून हे सुरू झाले त्या न्यूयॉर्कच्या चौघांना त्या यशाचा फारसा वाटा मिळाला नाही. उलट ‘पंक’ या शब्दाला चिकटलेल्या हिंसेच्या आणि थुंकाथुंकीच्या बातम्यांमुळे अमेरिकी रेडिओ केंद्रे त्यांच्यापासून आणखी दूर गेली, अशी तक्रार बँडचे सदस्य पुढे करीत असत.

भारतात या संगीताला मोठा श्रोतृवर्ग कधीच मिळाला नाही. येथील रॉक बँड प्रामुख्याने हेवी मेटलकडे वळले. दोन हजार दहाच्या दशकात मुंबईत ‘द रायट पेडलर्स’ आणि ‘द लाइटइयर्स एक्सप्लोड’ यांसारख्या बँडनी पंकची वाट धरली, पण ती तुरळक उदाहरणे होत.

वीस वर्षांचा प्रवास

टॉमी यांनी १९७८ मध्ये दौऱ्यांना कंटाळून ड्रमवादन सोडले, मात्र निर्माता म्हणून ते काही काळ बँडशी जोडलेले राहिले. रेडिओवर झळकण्याची इच्छा चौघांपैकी कोणालाही सोडत नव्हती. त्यासाठी फिल स्पेक्टर या ख्यातनाम निर्मात्याला गाठून त्यांनी १९८० मध्ये ‘एंड ऑफ द सेंच्युरी’ हा अल्बम केला. त्याचा खर्च सुमारे दोन लाख डॉलर, म्हणजे पहिल्या अल्बमच्या तीसपट झाला. तो यादीत ४४व्या क्रमांकापर्यंत चढला. याहून वर त्यांचा कोणताही अल्बम गेला नाही आणि चाहत्यांमध्ये तो पहिल्याइतका प्रियही झाला नाही.

पोट चालले ते दौऱ्यांवर. ६ ऑगस्ट १९९६ रोजी लॉस एंजेलिस येथे अखेरचा कार्यक्रम झाला तेव्हा त्यांच्या नावावर २ हजार २६३ कार्यक्रम होते. यांतील बराच काळ जोई आणि जॉनी एकाच गाडीतून प्रवास करीत असूनही एकमेकांशी बोलत नव्हते.

मान्यता उशिरा आली. १५ एप्रिल २००१ रोजी जोई यांचे कर्करोगाने निधन झाले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये बँडचा समावेश झाला आणि तीन महिन्यांच्या आत, ५ जून २००२ रोजी, डी डी यांचे अमली पदार्थाच्या अतिसेवनाने निधन झाले. जॉनी यांचे १५ सप्टेंबर २००४ रोजी कर्करोगाने निधन झाले. ‘सीबीजीबी’ ऑक्टोबर २००६ मध्ये बंद पडले. अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने सांस्कृतिक महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी २०१२ या वर्षासाठी निवडलेल्या ध्वनिमुद्रणांत या अल्बमचा समावेश होता.

पाच लाख प्रतींच्या विक्रीबद्दल दिले जाणारे सुवर्ण प्रमाणपत्र अल्बमला ३० एप्रिल २०१४ रोजी मिळाले. प्रकाशनाला तेव्हा ३८ वर्षे झाली होती आणि मुखपृष्ठावरील चौघांपैकी एकटे टॉमी हयात होते. त्याच वर्षी ११ जुलै रोजी त्यांचेही निधन झाले.

स्टिरिओबरोबरच जुन्या पद्धतीचे, एकाच वाहिनीवरचे मिश्रणही काढावे, असा लिऑन आणि टॉमी यांचा १९७६ मधील मनोदय होता, तो तेव्हा पुरा झाला नाही. चाळिसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने २०१६ मध्ये लिऑन यांनी ते मिश्रण तयार केले. ही आवृत्ती मूळ वर्षाचा अंक ध्यानी घेऊन १९ हजार ७६० प्रतींपुरती काढण्यात आली.